सुंदर फोटो, अपुरा पुरावा: कासचा तेरडा आणि तासगावची द्राक्षं

कीटकांचे मॅक्रो फोटो बघायला कुणाला आवडत नाहीत? पण संशोधनाला लागायचं असेल, तर प्रत्येक फोटोला एक प्रश्न विचारायची सवय लावा: यावरून मी नक्की काय सिद्ध करू शकतो? आपल्याच सातारा-सांगलीतली दोन उदाहरणं घेऊ.

पहिलं कासचं. पठारावर तेरडा फुलला की एक फोटो हमखास दिसतो. फुलात डोकं खुपसलेली मधमाशी, मागे धूसर गुलाबी रंग, आणि खाली ओळ: ‘परागीभवन करताना’. ओळ खरी असेलही, पण फोटोत तिचा पुरावा नाही. फुलावर बसणं वेगळं आणि परागीभवन वेगळं. तेरड्याच्या फुलामागे शेपटीसारखी नळी असते, मकरंद तिच्यात असतो. काही कीटक समोरून आत न शिरता ती नळीच बाहेरून फोडतात आणि मकरंद पळवतात. फुलाला त्याचा काही उपयोग नाही. परागीभवन म्हणायचं तर पराग अंगावर कुठे लागले, ते दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर पोचले का, पुढे बी धरलं का, हे बघावं लागतं. एका फोटोत फार तर पहिली गोष्ट दिसते.

दुसरी अडचण निवडीची. देखण्या कीटकाचे ढीगभर फोटो निघतात. काळपट बारक्या माशीकडे कुणी लेन्स वळवत नाही आणि रिकाम्या फुलाचा फोटो तर नाहीच. मग फोटो मोजून ‘कासला अमुक कीटकच जास्त’ म्हटलं, तर आपण कीटक नाही, फोटोग्राफरची आवड मोजतोय.

आता तासगावकडे या. द्राक्षावर पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग, पडतो. त्याला खाणारा क्रिप्टोलेमस नावाचा भुंगेरा बागेत मुद्दाम सोडतात. गंमत अशी, की या भुंगेऱ्याच्या अळीच्या अंगावरही पांढरे मेणाचे धागे असतात. ती थेट मिलीबगसारखी दिसते. फरक कशात? मिलीबगची मादी साधारण ३ मिलिमीटरची. अळी पूर्ण वाढली की १ सेंटिमीटरच्या पुढे जाते. शिवाय अळी भराभर चालते, मिलीबग बहुतेक वेळ एका जागी चिकटून असतो.

नेमकं हेच मॅक्रो फोटोतून निसटतं. चौकट भरून पांढरं काहीतरी दिसतं. ते ३ मिलिमीटरचं की १३, कळत नाही. चाल तर दिसतच नाही. असा फोटो बघून कुणी ‘मिलीबग आहे, फवारा’ म्हटलं, की शेतकरी पैसे देऊन आणलेला मित्रच मारून बसतो. उलट शेतकऱ्याने व्हॉट्सॲपवर टाकलेला, थोडा हललेला, पान धरलेल्या बोटांसकटचा फोटो इथे जास्त कामाचा. बोटामुळे आकार कळतो, पान कुठलं ते दिसतं, जवळपास मुंग्या आहेत का तेही कळतं.

मग मॅक्रो टाकाऊ आहे का? अजिबात नाही. मधमाशीचं सोंग घेतलेली माशी ओळखायची तर आखूड मिशा आणि पंखांची एकच जोडी जवळूनच दिसते. पण १:१ वर फोकसची खोली जेमतेम मिलिमीटरभर असते. डोळा लखलखीत आला की पंखाच्या शिरा गेल्याच, आणि ओळख अनेकदा शिरांवरच ठरते.

‘आयनॅचरलिस्ट’वर ‘रिसर्च ग्रेड’चा शिक्का दिसला म्हणूनही निर्धास्त होऊ नका. तारीख, ठिकाण, फोटो आणि ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त लोकांचं एकमत, एवढं जमलं की तो मिळू शकतो. ‘हा कीटक इथे होता’ एवढ्यासाठी ते ठीक. तो तिथे काय करत होता, याचं उत्तर त्या शिक्क्यात नाही.

म्हणून फील्डवर क्रम ठेवा. आधी पूर्ण झाड, मग फांदी किंवा पान, मग पट्टीसकट कीटक, वरून आणि बाजूने, आणि सगळ्यात शेवटी तुमचा तो सुंदर क्लोजअप. सोबत दहा मिनिटं नुसतं बघून वहीत नोंद. आणि प्रपोजलमध्ये ‘छायाचित्रांद्वारे अभ्यास’ असं मोघम लिहू नका. कुठल्या प्रश्नाचं उत्तर फोटो देईल आणि कुठल्याचं देणार नाही, दोन्ही लिहा. गाईड विचारणारच आहेत.