इंग्रजी संभाषण कौशल्य : तुम्ही नेमकं काय मोजताय?

शिक्षणशास्त्रात एम.एड. किंवा पीएच.डी.साठी विषय शोधायला बसलात, की एक शीर्षक हमखास समोर येतं. ‘प्राथमिक स्तरावरील विद्यार्थ्यांसाठी दैनंदिन संवादांद्वारे इंग्रजी संभाषण कौशल्य विकसन कार्यक्रमाची निर्मिती व परिणामकारकता.’ इयत्ता बदला, तालुका बदला, झाला नवा विषय! मित्रमैत्रिणींचे असे बरेच आराखडे मी वाचले आहेत. तुमच्यापैकी काहींची सिनॉप्सिसही याच वळणाची असणार. म्हणून आज या साच्याबद्दल थोडं कडवट बोलायचं आहे.

विषय वाईट नाही, उलट फार गरजेचा आहे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याला पाव शतक होऊन गेलं, तरी ‘आमच्या पोराला इंग्रजी वाचता येतं पण बोलता येत नाही’ हे पालकांचं म्हणणं काही थांबत नाही. ‘असर’च्या २०१६ आणि २०२२ च्या पाहण्यांमध्ये इंग्रजीची चाचणी होती, पण ती अक्षरं, शब्द, सोपी वाक्यं वाचण्याची आणि त्यांचा अर्थ सांगण्याची. बोलण्याचं मोजमाप तिथे नाही. म्हणजे ही जागा खरोखर रिकामी आहे. प्रश्न असा, की आपले प्रबंध ती भरतात का?

साचा तुम्हाला माहीत आहे. संशोधक पंधरा-वीस संवाद तयार करतो. बाजारात, दवाखान्यात, वाढदिवसाला, शाळेच्या पहिल्या दिवशी. पूर्वचाचणी होते, गुण शून्याच्या आसपास. मग महिनाभर तेच संवाद मुलांकडून म्हणून घेतले जातात. उत्तरचाचणीत तेच प्रश्न येतात, गुण वाढतात, टी-मूल्य सार्थ निघतं, शून्य परिकल्पनेचा त्याग होतो. आता मला सांगा, ही परिकल्पना टिकण्याची शक्यता कधी होती का? महिनाभर पाठ करून घेतलेली गोष्ट महिन्यानंतर पाठ असते, एवढंच यातून सिद्ध झालं. नियंत्रित गट घेतला तरी फरक पडत नाही, कारण त्या गटाने ते संवाद पाहिलेलेच नसतात.

पण संख्याशास्त्र हे माझ्या तक्रारीचं मूळ नाही. मूळ आहे ‘संभाषण’ या शब्दात. दोन नमुने बघा, दोन्ही मीच रचलेत.

पहिला.
शिक्षिका : व्हॉट इज दिस?
मूल : दिस इज अ पेन.
शिक्षिका : व्हेरी गुड.

दुसरा.
शिक्षिका : व्हेअर इज माय चॉक?
मूल : अंडर टेबल.
शिक्षिका : अंडर द टेबल? ओ हो, हिअर इट इज!

आपल्या नेहमीच्या पडताळा सूचीत पहिल्या मुलाला पूर्ण गुण आणि दुसऱ्याला अर्धे. वाक्य अपूर्ण आहे ना! पण बोलणं कुठे झालं? पहिल्या नमुन्यात पेन बाईंच्या हातात आहे आणि तो पेन आहे हे त्यांना ठाऊक आहे. त्या विचारत नाहीत, तपासतात. दुसऱ्यात खडू खरंच हरवलाय आणि मुलाच्या दोन शब्दांनी तो सापडला.

हा फरक ओळखण्याचं साधन पन्नास वर्षांपूर्वीच तयार झालंय. सिंक्लेअर आणि कुल्टहार्ड यांनी १९७५ मध्ये वर्गातल्या बोलण्याची तीन पावलं दाखवली : शिक्षक सुरुवात करतो, मूल उत्तर देतं, शिक्षक त्यावर काहीतरी म्हणतो. ह्यू मेहान यांनी १९७९ च्या ‘लर्निंग लेसन्स’मध्ये तिसऱ्या पावलाला सरळ मूल्यमापन म्हटलं. त्यांनी अभ्यासलेला सॅन दिएगोचा वर्ग शिकवत होत्या कोर्टनी कॅझडन. त्या स्वतः हार्वर्डच्या प्राध्यापक, वर्षभरासाठी लहान मुलांना शिकवायला गेलेल्या. (आपल्याकडे ‘फील्डवर्क’ म्हणजे तीन दिवसांची परवानगी. असो.) तुम्हाला या सगळ्यातून घ्यायचंय ते एवढंच, की तिसरं पाऊल बघा. ‘व्हेरी गुड’ म्हटलं की बोलणं तिथे मिटतं. ‘अंडर द टेबल?’ म्हटलं की ते पुढे जातं, आणि जाता जाता मुलाच्या कानावर सुटलेला ‘द’सुद्धा पडतो.

मग पाठांतर बंद करायचं का? इथे बरेच जण घाईने ‘पाठांतर वाईट, कृती चांगली’ लिहून मोकळे होतात. हेही तितकंच ढिलं विधान आहे. लिली वाँग फिलमोर यांचा १९७६ चा स्टॅनफर्डचा प्रबंध जरूर मिळवून वाचा. तो डॉक्टरेटचाच प्रबंध आहे, आपल्यासारख्या विद्यार्थिनीने केलेला. कॅलिफोर्नियातली स्पॅनिश बोलणारी फक्त पाच मुलं, प्रत्येकाला खेळायला एक इंग्रजी बोलणारा सवंगडी, आणि शालेय वर्षभर निरीक्षण. ही मुलं सुरुवातीला अख्खी वाक्यं जशीच्या तशी उचलत, अर्धामुर्धा अर्थ लागलेला असताना. खेळात सामील व्हायचं, कळतंय असं दाखवायचं आणि चार निवडक वाक्यांवर वेळ मारून न्यायची. पुढे त्याच वाक्यांचे तुकडे सुटे होऊन नव्या ठिकाणी वापरले जात. नोरा नावाची मुलगी (प्रबंधात हेच नाव आहे) यात सगळ्यांच्या पुढे गेली. म्हणजे पाठ वाक्य हे भांडवल आहे. ते खर्च करायला जागा मिळाली तरच ते वाढतं.

पण थांबा, हा निष्कर्ष तसाच उचलून तुमच्या दुसऱ्या प्रकरणात चिकटवू नका. नोराकडे इंग्रजीशिवाय ज्याच्याशी खेळताच येणार नाही असा सवंगडी होता. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पहिलीत तो कुठून आणणार? तिथे मधल्या सुट्टीत पाणी मागायचं, भांडायचं, चुगली करायची, सगळं मराठीत किंवा घरच्या बोलीत होतं आणि उत्तम होतं. ‘दैनंदिन इंग्रजी संवाद’ या शब्दांतच अडचण आहे. ज्या मुलाच्या दिवसात इंग्रजी येतच नाही, त्याच्यासाठी ‘ॲट द सुपरमार्केट’ हा पाठ दैनंदिन कसा?

घरात आईने इंग्रजीत बोलावं, हा सल्लाही याच गोंधळातून निघतो. ‘कम हिअर’, ‘वॉश युअर हँड्स’, ‘ड्रिंक युअर मिल्क’. ऐकून कृती करण्याने भाषा समजायला मदत होते, जेम्स ॲशर यांची पद्धत त्यावरच उभी आहे. मात्र त्यात मूल हात धुतं, बोलत नाही. दुसरीकडे, ब्रिस्टलच्या मुलांचा वर्षानुवर्षं माग घेणाऱ्या गॉर्डन वेल्स यांना दिसलं, की मुलं शाळेपेक्षा घरी जास्त प्रश्न विचारतात आणि बोलण्याची सुरुवातही घरी जास्त करतात. हा अभ्यास मातृभाषेतल्या बोलण्याचा आहे, हे विसरू नका. म्हणूनच मला वाटतं, मराठीत मुलाच्या दहा प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या आईला पाच इंग्रजी आज्ञांपुरतं आखडून टाकण्यात नुकसान मुलाचंच आहे. तुमच्या शिफारशींच्या प्रकरणात ‘पालकांनी घरी इंग्रजीत बोलावे’ हे वाक्य टाकण्याआधी आपण काय काढून घेतोय, ते बघा.

मग वर्गात काय उरतं? गरज निर्माण करणं. १९७९ ते १९८४ च्या बंगळूर प्रकल्पात एन. एस. प्रभू यांनी हेच केलं : एकाला माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही, किंवा दिलेल्या माहितीवरून काहीतरी शोधून काढायचंय, अशी कामं द्यायची. तिथे मोठी मुलंही होती, तेव्हा कामं जशीच्या तशी पहिलीत चालणार नाहीत. पण तत्त्व चालतं. बाई डोळे मिटतात, मुलं डस्टर लपवतात. आता विचारायची पाळी बाईंची : ‘इज इट इन द बॅग?’ आणि चाळीस मुलं जीव तोडून ‘नो!’ ओरडतात. चार दिवसांनी एक मूल डोळे मिटतं आणि तेच वाक्य त्याला स्वतःला लागतं. लहान बाळाबरोबरच्या ‘बुवा कुक’सारख्या खेळांत हीच अदलाबदल असते, असं जेरोम ब्रूनर यांनी दाखवलंय. वाक्य तेच, पाठच केलेलं, पण आता त्याच्यावाचून डस्टर सापडत नाही.

आता साधनाकडे या. मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची लेखी संमती घेऊन एका तासाचं ध्वनिमुद्रण करा, अगदी पथदर्शी अभ्यासापुरतं. ते ऐकून तीन गोष्टी मोजा : किती वेळा मुलाने स्वतःहून सुरुवात केली, किती प्रश्नांचं उत्तर विचारणाऱ्याला खरंच माहीत नव्हतं, आणि किती वेळा बोलणं तिसऱ्या पावलाच्या पुढे गेलं. हीच मोजणी दुसऱ्या कुणाकडून स्वतंत्रपणे करून घ्या. आकडे जुळले नाहीत तर व्याख्या सैल आहेत, आधी त्या घट्ट करा.

एक गोष्ट तुम्हाला छळणार आहे, ती आताच सांगते. मूल म्हणेल, ‘टीचर, बॉल कपाटामागे आहे.’ इंग्रजी प्रश्न समजला, उत्तर बरोबर, बॉल सापडला, आणि तुमच्या तक्त्यात गुण शून्य. त्याला शून्य देऊ नका, इंग्रजीचे गुणही देऊ नका. वेगळा रकाना करा : ‘समजलं, उत्तर मराठीत’. महिन्याभरात त्या रकान्यातलं काय इंग्रजीच्या रकान्यात सरकतं, हे टी-मूल्यापेक्षा किती तरी जास्त सांगेल.

असा अभ्यास पाच-सहा मुलांवरच झेपेल आणि शीर्षकातला ‘परिणामकारकता’ हा शब्द काढावा लागेल. मार्गदर्शक विचारतील, परिकल्पना कुठे आहे? वर्णनात्मक अभ्यासात परिकल्पनेऐवजी संशोधन प्रश्न चालतात. तुमच्या विद्यापीठाच्या नियमावलीत त्याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा आणि ते पान सोबत घेऊनच त्यांच्याकडे जा.