बाजार भरतो, पण हिशेब कोण जुळवतो?

संगणकाची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता यावी, या पद्धतीला ओपन सोर्स म्हणतात. लिनक्स हे तिचे सर्वांत परिचित उदाहरण. या पद्धतीचे मर्म सांगणारे गाजलेले पुस्तक म्हणजे एरिक रेमंड यांचे ‘द कॅथेड्रल अँड द बझार’. त्यातील मूळ निबंध १९९७ मधला, पुस्तक १९९९ मधले. पुस्तक वाचनीय आहे, आणि शिक्षकांनी ते जरूर वाचावे. मात्र त्यात एक महत्त्वाचे काम फारच हलके लेखले गेले आहे. ते म्हणजे अनेकांनी स्वतंत्रपणे केलेले बदल एकत्र जुळवण्याचे काम.

रेमंड यांचे प्रतिपादन थोडक्यात असे. मोजक्या कारागिरांनी बंद दाराआड चर्च उभारावे, तशी आज्ञावली लिहिण्याची एक रीत आहे. दुसरी रीत बाजाराची. आज्ञावली अपुरी असली तरी ती लवकर लोकांसमोर ठेवायची. वापरणारेच चुका शोधतात, दुरुस्त्या पाठवतात. पाहणारे डोळे पुष्कळ असले की चूक लपून राहत नाही. ‘फेचमेल’ या स्वतःच्या आज्ञावलीवर रेमंड यांनी ही रीत वापरून पाहिली. हा अनुभव त्यांनी प्रांजळपणे सांगितला आहे, आणि पुस्तकाचा तो भाग सर्वांत चांगला उतरला आहे.

या विचाराला एक जुना आक्षेप होता. फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले होते की, माणसे वाढली की त्यांच्यातील बोलणीही वाढतात, आणि ती माणसांच्या संख्येपेक्षा फार वेगाने वाढतात. दहा माणसांच्या जोड्या ४५ होतात, शंभर माणसांच्या ४,९५०. रेमंड यांचे उत्तर असे की, चुका शोधणाऱ्यांना एकमेकांशी बोलावे लागत नाही. प्रत्येकाने एका समन्वयकाशी बोलले की पुरे. म्हणजे ४,९५० धाग्यांऐवजी शंभरच धागे. गणित बरोबर आहे. पण या शंभरही धाग्यांची टोके एकाच माणसाच्या हातात आली, त्याचे काय? समन्वयकाचा उल्लेख रेमंड करतात, त्याच्यावरील भाराचा हिशेब मात्र मांडत नाहीत. पुस्तकातील दुसऱ्या एका निबंधात बदल स्वीकारण्याचा अधिकार कोणाचा, याची चर्चा आहे. परंतु अधिकार वेगळा आणि श्रम वेगळे.

हे श्रम किती, हे लिनक्सच्याच इतिहासात दिसते. पुस्तक निघण्याच्या आदल्या वर्षी, १९९८ मध्ये, लिनस टॉरवाल्ड्स यांच्याकडे ई-मेलने पाठवलेले बदल हरवू लागले, त्यांना उत्तरे मिळेनात, आणि सहकाऱ्यांत उघड वाद झाला. एका माणसाला हा भार पेलेना. २००२ मध्ये ‘बिटकीपर’ नावाची खासगी मालकीची प्रणाली या कामासाठी घेण्यात आली. २००५ मध्ये तिचा मोफत वापर बंद झाला, तेव्हा टॉरवाल्ड्स यांनी ‘गिट’ ही नवी प्रणाली लिहायला घेतली. गिटमध्ये प्रत्येकाची स्वतंत्र शाखा असते आणि शाखांचे विलीनीकरण हेच तिचे मुख्य काम.

विलीनीकरण होते कसे? समजा, विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेचा कच्चा मसुदा दोन शिक्षकांनी घरी नेला आणि आपापल्या प्रतीत बदल केले. नुसत्या या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर फरक दिसतील, पण कोणी काय बदलले ते कळणार नाही. त्यासाठी तिसरी प्रत, म्हणजे मूळ मसुदा लागतो. गिटही दोन शाखांचा समान पूर्वज शोधते. एकाच शाखेने बदललेल्या ओळी ती स्वीकारते. दोघांनीही एकच ओळ वेगवेगळी बदलली असेल, तर ती थांबते आणि निर्णय माणसावर सोपवते.

खरा धोका मात्र यंत्र थांबत नाही तेथे असतो. एका शिक्षकाने आकृती २ अनावश्यक म्हणून काढली. दुसऱ्याने शेवटी नवा प्रश्न घातला: ‘आकृती २ पाहून उत्तर द्या.’ बदल वेगवेगळ्या जागी आहेत, म्हणून यंत्र विनातक्रार दोन्ही स्वीकारेल. परीक्षेला बसलेली मुले मात्र आकृती शोधत बसतील. ओळी जुळल्या म्हणजे अर्थ जुळला असे नाही. म्हणूनच लिनक्समध्ये आज प्रत्येक विभागाचा सांभाळकर्ता आधी आपल्या विभागाचे बदल तपासतो, आणि मग ते टॉरवाल्ड्स यांच्याकडे जातात. मुख्य विलीनीकरणाला साधारण दोन आठवडे, त्यानंतरच्या चाचणी-दुरुस्तीला सहा-सात आठवडे दिले जातात. शिवाय २००८ पासून सर्व विभागांच्या शाखा आगाऊ एकत्र करून पाहण्याची वेगळी सोय आहे. बाजार म्हणावा, तर ही शिस्त बाजाराची नव्हे.

शाखा वेगळीच राहिली तर काय होते, याचे उदाहरण ‘डेबियन’चे. ‘ओपन एसएसएल’ ही आज्ञावली गुप्त किल्ल्या तयार करते. तपासणी करणारे एक साधन तिच्यातील काही ओळींबद्दल इशारे देत होते, म्हणून २००६ मध्ये डेबियनने आपल्या शाखेत त्या ओळी निष्क्रिय केल्या. मूळ प्रकल्पाच्या मंडळींना विचारणा झाली होती. पण हा बदल तपासून मूळ शाखेत घेतला गेला, असे झाले नाही. त्यातील एक ओळ किल्लीत यदृच्छा मिसळणारी होती. परिणामी, एका प्रकारच्या संगणकावर एका लांबीच्या किल्ल्या जेमतेम ३२,७६८ प्रकारच्याच निघू लागल्या. इतक्या किल्ल्या आधीच तयार करून एकेक लावून पाहणे कोणालाही शक्य होते. चूक उघड झाली मे २००८ मध्ये. तोवर डेबियनवर आधारलेल्या उबुंटूतही ती पोचली होती. बदललेल्या ओळी या काळात सर्वांसाठी खुल्या होत्या. डोळे हवे तेवढे होते. ‘हे मी स्वीकारतो’ असे म्हणण्यापूर्वी वाचणारा जाणता माणूस त्या वाटेवर नव्हता.

विलीनीकरण म्हणजे केवळ जोडकाम नव्हे. जबाबदारीने वाचण्याची ती वेळ असते. रेमंड यांनी बाजारात येणाऱ्यांचे वर्णन उत्तम केले. हिशेब जुळवत मागे बसलेल्याकडे त्यांचे लक्ष कमी गेले. पुस्तकाचे महत्त्व त्यामुळे संपत नाही, पण ते अपुरे ठरते.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. एकच उतारा चार गटांना सुधारायला द्यावा आणि पाचव्या गटाला चारही प्रती एकत्र करायला सांगावे. पाचव्या गटाला किती वेळ लागला, कशावरून वाद झाले आणि कोणती चूक निसटली, याची नोंद मुलांनीच ठेवावी.