चल-रोहित्राचा गाभा आणि उच्च कंप्रता : दोन प्रचलित विधानांचे परीक्षण

आपल्या प्रयोगशाळांत ‘डिमरस्टॅट’ म्हणून ओळखले जाणारे चल-स्वयंरोहित्र अमेरिकेतील जनरल रेडिओ कंपनीने १९३३ साली ‘व्हेरिॲक’ या नावाने बाजारात आणले. सिलिकॉनयुक्त पोलादाच्या पातळ पट्टीचे गुंडाळून केलेले कडे, त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे, आणि उघड्या राखलेल्या वेढ्यांवरून फिरणारा कार्बनचा ब्रश, इतकीच त्याची रचना. पुरवठ्याच्या कंप्रतेहून अधिक कंप्रतेवर हा गाभा वापरण्यासंबंधी पदव्युत्तर प्रबंधांतून दोन विधाने आढळतात. एक असे की, कंप्रता वाढताच गाभ्यातील हानी अनावर होते, सबब तो निरुपयोगी होय. दुसरे असे की, गाभ्याची क्षमता कंप्रतेच्या प्रमाणात वाढते, सबब ४०० हर्ट्झवर तेच यंत्र आठपट शक्ती वाहील. विधाने परस्परविरोधी असली तरी दोहोंचे मूळ एकच आहे : कोणती राशी स्थिर धरली, हे दोन्हींत सांगितलेले नसते.

समजा, २३० व्होल्टच्या यंत्रास ४०० वेढे आहेत. म्हणजे दर वेढ्यास ०.५७५ व्होल्ट. ५० हर्ट्झवर कमाल स्रोतघनता १.४ टेस्ला ठेवावयाची, तर गाभ्याचे छेदक्षेत्र सुमारे १८.५ चौरस सेंटिमीटर हवे. आता दाब तोच ठेवून कंप्रता ४०० हर्ट्झ केली, तर स्रोतघनता ०.१७५ टेस्लापर्यंत उतरते. एडी प्रवाहांची हानी कंप्रता व स्रोतघनता या दोहोंच्या वर्गांच्या प्रमाणात असल्यामुळे ती होती तेवढीच राहते. स्टाइनमेट्झने १८९२ साली मांडलेला १.६ हा घातांक घेतल्यास मंदायनाची, म्हणजे हिस्टेरेसिसची, हानी पूर्वीच्या ०.२९ पट होते. गाभा तापत नाही, उलट निवतो. एडी हानी ६४ पट होते ती स्रोतघनता १.४ टेस्लावरच राखली तर, आणि त्यासाठी १८४० व्होल्ट लावावे लागतात. परीक्षणासाठी आलेल्या एका प्रबंधात ६४ पटीचा निष्कर्ष सूत्रावरून काढलेला होता, मोजमाप मात्र स्थिर दाबावर केलेले होते. आकडे जुळेनात, तेव्हा दोष वॅटमापकाच्या माथी मारण्यात आला!

येथे स्टाइनमेट्झच्या घातांकाविषयीही सावध असावयास हवे. तो मध्यम स्रोतघनतेवरील मापनांतून आलेला आहे. १० किलोहर्ट्झवर आपल्या उदाहरणात केवळ ०.००७ टेस्ला उरतात, आणि अशा क्षीण क्षेत्रात लॉर्ड रॅली यांनी १८८७ साली दाखविल्याप्रमाणे मंदायनाची हानी स्रोतघनतेच्या घनाच्या प्रमाणात असते. १.६ तेथवर ताणणे म्हणजे सूत्राला त्याच्या अधिकारक्षेत्राबाहेर साक्षीस बोलावणे होय.

त्वचा-परिणामाचा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. पार्यता ५००० व विशिष्ट रोध ०.४७ मायक्रोओहम-मीटर धरल्यास स्रोताची भेदन-खोली ५० हर्ट्झला ०.७ मिलिमीटर, १ किलोहर्ट्झला ०.१५, आणि १० किलोहर्ट्झला ०.०५ मिलिमीटर येते. ०.३ मिलिमीटर जाडीच्या पट्टीचा मधला भाग १० किलोहर्ट्झवर जवळजवळ रिकामाच राहील. यामुळे गाभ्याची परिणामी पार्यता घटते, हे खरे. परंतु स्थिर दाबावर एडी हानी यामुळेही वाढत नाही. गाभ्यास दोषी ठरवणारा हा पुरावाही अपुरा पडतो.

खरा अडसर गुंडाळीत आहे. ब्रश मध्यावर असता कड्याच्या दोन अर्धभागांवरील वेढे एकमेकांशी पूर्णतः जोडलेले नसतात. त्यांची गळती-रिॲक्टन्स कंप्रतेबरोबर सरळ वाढते. ५० हर्ट्झला ती १ टक्का असेल, तर १ किलोहर्ट्झला २० टक्के आणि १० किलोहर्ट्झला २०० टक्के होईल. गाभा थंड, पण भारावरील दाब ढासळलेला, अशी ती अवस्था. प्रबंधांतून या मापनाचा उल्लेखही क्वचित आढळतो.

दुसऱ्या विधानाचा निकाल ब्रशच लावतो. सरकताना तो शेजारचे दोन वेढे जोडतो आणि त्या बंद वेढ्यातील प्रवाहास मुख्यतः कार्बनचा रोधच आवरून धरतो. वेढ्यावरील दाब आठपट, म्हणजे ४.६ व्होल्ट केला, तर ब्रशखालील उष्णता सुमारे ६४ पट होईल. तारेची प्रवाहक्षमता तर कंप्रतेने तिळभरही वाढत नाही. आठपट शक्तीची अपेक्षा करावयाची, तर ब्रश काढून, निरोधन बदलून, गाभा नव्याने गुंडाळावा लागेल. मग ते चल-रोहित्र उरले नाही.

इन्व्हर्टरवर प्रयोग करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. या कड्यात हवेची फट नसते. त्यामुळे तरंगाच्या दोन अर्धांत किंचित विषमता असून थोडा एकदिश प्रवाह वाहू लागला, तरी गाभा एका बाजूस संपृक्त होतो, मग कंप्रता कितीही असो. योग्य क्षमतेचा धारित्र एकसरीत जोडून मापन पुन्हा करावे. तापणे थांबले, तर दोष लोखंडाचा नव्हता.