भिजत घोंगडं : कोण भिजवतं आणि कोण पांघरतं?

रोजच्या बोलण्यातला एकेक शब्द घ्यायचा आणि तो आपण कसा वापरतो ते तपासायचं, असा या मालेचा शिरस्ता आहे. आज आम्ही घेतलाय 'घोंगडं'. लोकरीचा शब्द. पण शहरातल्या कुणालाही विचारा, घोंगडं म्हटलं की लोकर आठवत नाही; आठवतं ते न सुटलेलं प्रकरण. सीमाप्रश्नाचं भिजत घोंगडं, पुनर्वसनाचं भिजत घोंगडं, सोसायटीच्या लिफ्टचंसुद्धा भिजत घोंगडं!

आधी वस्तू पाहू. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. वर्षातून साधारण दोनदा ती कातरायची, पिंजायची, सूत काढायचं, ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची आणि खड्ड्याच्या मागावर विणायचं. मेंढरं धनगराची, विणकाम बहुतेक सणगरांचं. काळ्या लोकरीला रंगवायची गरजच नाही. हे अंगाला टोचतं, पण थंडीत ऊब देतं, रानात अंथरूण होतं, आणि पावसात त्याची खोळ करून डोक्यावरून घेतली की मेंढक्या दिवसभर कळपामागे चालू शकतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेते, तरी हाताला लगेच ओली लागत नाही.

म्हणजे काय, तर ज्याचं घोंगडं आहे त्याच्या लेखी भिजणं हा त्याचा दोष नाही, ते त्याचं काम आहे. पाऊस थांबला की झटकायचं, दगडावर पसरायचं, वाळलं की पुन्हा खांद्यावर. पण पूर्ण चिंब झालं की ते जड होतं, पिळता पिळत नाही आणि वाळायला फार वेळ घेतं. वाक्प्रचाराने एवढंच उचललं, बाकीचं सोडून दिलं.

आता व्याकरण बघा, खरी गंमत तिथेच आहे. 'भिजलेलं घोंगडं' आपण म्हणत नाही. भिजलेलं असतं तर ते कधीतरी वाळलं असतं. आपण म्हणतो 'भिजत'. क्रिया चालूच, तिला शेवट नाही. आणि क्रियापद 'भिजणे', 'भिजवणे' नव्हे. घोंगडं आपलं आपण भिजतं! पाण्यात कुणी टाकलं, बाहेर काढायची जबाबदारी कुणाची, हे वाक्यात कुठेच येत नाही. 'अमुक खात्याने तीन वर्षं निर्णय घेतला नाही' असं लिहिलं तर खातं नाव घेऊन समोर येतं. 'प्रश्नाचं भिजत घोंगडं' लिहिलं की सगळे सुटले. बातमीदाराला हा शब्द सोयीचा वाटतो तो जागा वाचते म्हणून, आणि कार्यालयाला सोयीचा वाटतो तो नाव वाचतं म्हणून. आमची तक्रार या दुसऱ्या सोयीबद्दल आहे.

बेळगाव सीमाप्रश्नाचंच घ्या. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. यात तारखा आहेत, पक्षकार आहेत. 'भिजत घोंगडं' म्हटलं की हे सगळं पुसलं जातं आणि उरतं ते जणू हवामान.

एक बारीक गोष्ट. 'भिजत घोंगडी' कुणी म्हणत नाही, आणि 'घोंगडं बैठक'ही कुणी घेत नाही. नपुंसकलिंगी 'घोंगडं'मध्ये आपण थोडी हेटाळणी भरतो. पुढाऱ्याला मांडी घालून गावात बसायचं असतं तेव्हा मात्र 'घोंगडी' होते. स्टेजवर काठी आणि घोंगडी देऊन सत्कार होतो, फोटो निघतो, पाहुण्यांची गाडी निघते. उलट कर्मवीर भाऊराव पाटलांच्या खांद्यावरची घोंगडी आठवा. ती सत्कारापुरती नव्हती, अंगावरची होती.

आणि आता ज्यासाठी हा शब्द निवडला तिथे येऊ. 'धनगर आरक्षणाचं भिजत घोंगडं' असा मथळा आपण सगळ्यांनी वाचलाय. धनगर समाज राज्यात भटक्या जमाती (क) मध्ये येतो, ३.५ टक्के आरक्षण आहे. मागणी अनुसूचित जमातीची. वाद आहे तो यादीतल्या 'धनगड' या शब्दावर: तो म्हणजेच धनगर, असा समाजाचा दावा, फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. मागणी योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नाही, आणि आदिवासी संघटनांचा तिला असलेला विरोधही तितकाच गंभीर आहे. पण एका अक्षरावर, 'र' आणि 'ड' यांच्यावर, ज्यांचं इतकं अडलंय, त्यांच्याच अंगावरचं वस्त्र ओढून आपण त्यांच्या अडचणीला नाव देतो. मथळा लिहिणाऱ्याला हे जाणवतही नाही, कारण त्याच्या घरात घोंगडं नाही. सोलापुरी चादर असेल, ब्लँकेट असेल.

घोंगडं खरंच दुर्मीळ होत चाललंय. मेंढीचे पैसे आता मटणातून येतात. जाड लोकरीला भाव नाही, उलट कातरणीचा खर्च अंगावर पडतो, म्हणून कितीतरी ठिकाणी कातरलेली लोकर तशीच टाकून दिली जाते. माग कमी झाले, वाक्प्रचार मात्र रोज छापून येतो.

तो वापरूच नका, असं आम्ही म्हणणार नाही. शब्द चांगला आहे, वजनदार आहे. फक्त पुढच्या वेळी लिहाल तेव्हा क्रियापद बदलून पाहा. 'भिजत पडलंय' ऐवजी 'भिजत ठेवलंय' लिहा. मग वाचणारा आपोआप विचारील, कुणी?