‘देवराई’ आणि एक निबंधाची वही

यंदा एखाद्या मराठी चित्रपटाविषयी लिहावे, असा संपादकांचा आग्रह झाला. मी काही चित्रपटांचा समीक्षक नव्हे. मराठी घेऊन एम.ए. झालेला आणि आता मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून हजेरीपटांवर सह्या करता करता ज्याचे वाचन मागे पडले आहे, असा एक मास्तर. परंतु एका चित्रपटाचे देणे माझ्याकडे बरीच वर्षे राहून गेले आहे. तो चित्रपट म्हणजे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 2004 सालचा ‘देवराई’. आमच्या वास्कोत तो कधी लागल्याचे मला आठवत नाही. वर्षभराने एका सहकाऱ्याने पुण्याहून त्याची सीडी आणली, तेव्हा घरी बसून पाहिला.

कथानक अनेकांना ठाऊक असेल. कोकणातल्या घरात, गावच्या देवराईच्या सावलीत वाढलेला शेष हा बुद्धिमान, हळवा मुलगा. त्याला स्किझोफ्रेनिया होतो. बहीण सीना त्याला शहरातल्या आपल्या संसारात घेऊन येते, आणि मग औषधे, चिडचिड, थकवा, थोडी सुधारणा, पुन्हा घसरण, असा त्या घराचा प्रवास सुरू होतो. अतुल कुलकर्णी शेष झाले आहेत, सोनाली कुलकर्णी सीना. याच जोडगोळीच्या ‘दहावी फ’मध्ये (2002) अतुल कुलकर्णींनी नापासांच्या तुकडीला जीव लावणारा शिक्षक केला होता. आम्हा शिक्षकांना तो फार आवडला होता. दोनच वर्षांनी तोच माणूस बाकाच्या या बाजूला, ज्याला कोणी समजून घेतले नाही अशा मुलाच्या जागी दिसला, हे मला तरी चटका लावणारे होते.

या चित्रपटामागे डॉ. जगन्नाथ वाणी उभे होते. मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या पत्नीला हाच आजार होता, आणि घरातली ही गोष्ट झाकून न ठेवता त्यांनी 1997 मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था काढली. म्हणजे चित्रपटाचा हेतू उघड होता: लोकांना हा आजार ओळखता यावा. आणि गंमत पाहा, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरण रक्षणाविषयीचा उत्कृष्ट चित्रपट म्हणून! पुरस्कार योग्यच असेल. देवराईचे चित्रण सुंदर आहे, आणि सत्तरीतली निरंकाराची राय ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या ओल्या काळोखाचा वास पडद्यावरूनही येतो. पण परीक्षकांची नजर झाडांवर खिळली आणि झाडाखाली बसलेला मुलगा मागे राहिला, असे मला त्या वेळी वाटले. परीक्षकांना नावे ठेवण्याचा मला मात्र अधिकार नाही. मीही तेच केले होते, आणि माझ्यापुढे पडदा नव्हता, वर्ग होता.

1997-98 चे शैक्षणिक वर्ष. मी तेव्हा दहावीला मराठी शिकवी. वर्गात एक मुलगा होता, पेडण्याकडून नोकरीनिमित्त मुरगावात आलेल्या कुटुंबातला. अभ्यासात बरा, फुटबॉल खेळणारा, हसरा. दुसऱ्या सत्रात तो मागच्या बाकावर जाऊन बसला. खेळायला जाईनासा झाला. गुण घसरले. केस वाढलेले, सदरा तोच तो. त्याच्या निबंधाच्या वहीत अक्षर बारीक होत गेले आणि समासातही ओळी आल्या. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावर त्याने लिहिले होते की पाऊस त्याचे नाव घेऊन पडतो, आणि बंदरावरचे दिवे रात्री त्याच्याकडे बघून खुणा करतात. मी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. मुलांना म्हणालो, “याला म्हणतात प्रतिमा.” त्याला दहापैकी नऊ गुण दिले. शिक्षकांच्या खोलीत मी म्हणालो होतो, आपल्या शाळेत एक कवी निपजतोय.

असे का झाले, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. आमची पिढी खानोलकरांवर पोसलेली. वेंगुर्ले तालुक्यातल्या बागलाची राई या गावी 1930 मध्ये जन्मलेला हा लेखक, आरती प्रभू या नावाने कविता करणारा, आमच्या पेडण्याच्या माणसाला सीमेपलीकडचा वाटतच नाही. त्यांच्या ‘कोंडुरा’त (1966) एका माणसाला साक्षात्कार होतो, आज्ञा मिळते, आणि ती खरी की भासाची, हे वाचकाने ठरवायचे असते. कादंबरी म्हणून तिचे मोठेपण मी आजही मानतो, कारण तिथला संदिग्धपणा ही लेखकाची कमाई आहे. पण तीच नजर मी पंधरा वर्षांच्या मुलाच्या वहीवर रोखली. जिथे “बाळ, तू रात्री झोपतोस का?” एवढे विचारायचे, तिथे मी लाल शाईने ‘सुंदर’ लिहिले.

त्याच्या आईने मला एकदा फाटकापाशी गाठले होते. “सर, तो घरांत उलयनाच,” ती म्हणाली. मी वयाचा दोष, परीक्षेचे दडपण, असे काहीतरी सांगून तिची समजूत घातली. पुढे ती त्याला माहेरी पेडण्याला घेऊन गेली. देवाला कौल लावला, घाड्याकडे नेले, देवचाराला ठेवायचे ते ठेवले. याबद्दल मी तिला दोष देत नाही. देवळाने तिला धीर दिला, आणि डॉक्टरकडे जाऊ नकोस असे तिला तिथे कोणीही सांगितले नव्हते. फक्त वेळ गेला. तो बांबोळीला मानसोपचार संस्थेत पोहोचला, तोवर तीन वर्षे उलटली होती, आणि दरम्यान शेजारी आपल्या विहिरीत विष घालतात म्हणून त्याने एकावर हात उगारला होता.

आता ‘देवराई’कडे वळतो. या चित्रपटाचे खरे बळ मला त्याच्या रचनेत दिसते. आजार बळावल्यावर आपण शेषला भेटतो आणि मग मागचे उलगडत जाते. घरच्या माणसांना हा आजार असाच कळतो, उलट्या क्रमाने. तेव्हा तो एकटा बसे, तेव्हा त्याने बोलणे तोडले, तेव्हा तो भलत्याच गोष्टीचा ध्यास घेऊन बसला, या सुट्या आठवणींची माळ नंतर ओवली जाते. अतुल कुलकर्णींचा अभिनयही त्याच जातीचा आहे. किंचाळणे नाही, केस उपटणे नाही. नजर समोरच्या माणसावरून निसटते, मान कुणीतरी हाक मारल्यासारखी किंचित वळते. याच सुमारास इंग्रजीत ‘अ ब्युटिफुल माइंड’ (2001) गाजला. त्यात जॉन नॅश यांना नसलेली माणसे डोळ्यांनी दिसतात. प्रत्यक्षात नॅश यांना त्रास होता तो मुख्यतः आवाजांचा. या आजारात बहुधा कानच फसतात. पडद्याला आवाजापेक्षा माणूस दाखवणे सोपे. ‘देवराई’ने मात्र नटाची मान आणि डोळे एवढ्यावर काम भागवले, हे मला अधिक खरे वाटते.

तरीही चित्रपटाशी माझे एक भांडण आहे. शेषच्या वाट्याला आलेले दुःख, कल्याणीबद्दलचे अपुरे प्रेम, मनासारखे काही न घडणे, हे सारे इतक्या आर्ततेने येते की पाहणारा उठताना म्हणतो, “बिचारा! प्रेमभंगाने डोके फिरले.” माझ्या घरीही पहिली प्रतिक्रिया हीच होती. दिग्दर्शकांना असे म्हणायचे नसावे. सुमित्राबाई मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक, 2021 मध्ये त्या गेल्या तोवर मनाच्या आजारांकडे फार जाणतेपणाने पाहत आल्या. पण कथा म्हटली की तिला कारण लागते, आणि या आजाराला तसे एक कारण नसते. मेंदूतील बिघाड, रक्तात आलेला कल, भोवतालचे ताण असे अनेक धागे त्यात असतात. एक दुःख बोटाने दाखवता आले की घरचे लोक ते दुःख दूर करायला धावतात. मुलाचे लग्न लावतात, गावी पाठवतात. अरण्याचे प्रतीकही असेच दुधारी आहे. शेषचे मन म्हणजे राई, हे समीकरण इतके देखणे आहे की आजारच देखणा वाटू लागतो. माझ्यासारख्या माणसाला हा धोका चांगला ठाऊक आहे.

शब्दांनीही आपला घात केला आहे. 1908 मध्ये स्वित्झर्लंडच्या ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनिया हे नाव योजले. मराठीत छिन्नमनस्कता झाले, आणि लोकांनी त्याचा अर्थ एका अंगात दोन माणसे असा घेतला. तो चूक आहे. आमच्याकडे आणखी वेगळी तऱ्हा. घरात कोंकणीत ‘पिसो’, आणि मराठी भजनात पिसे लागणे ही तर देवाची कृपा. शाळेच्या शेऱ्यात मराठीत ‘अभ्यासात लक्ष नाही’. डॉक्टरचा कागद इंग्रजीत. त्या मुलाचे दुखणे या तीन भाषांच्या मधल्या फटीत तीन वर्षे पडून होते.

म्हणून पालकांसाठी साध्या मराठीत लिहितो. हा आजार बहुधा पंधरा-सोळापासून तिशीपर्यंत डोके वर काढतो, मुलग्यांत थोडा लवकर. मित्र तुटणे, गुण एकाएकी घसरणे, रात्रीचा दिवस होणे, आंघोळ-कपड्यांची शुद्ध न राहणे, चेहरा कोरा पडणे किंवा कारणावाचून हसणे, लोक आपल्याबद्दल बोलतात असा संशय, बोलण्यातला धागा सुटणे. यातले एखादे तर कोणत्याही वाढत्या मुलात दिसेल, त्याने घाबरू नये. पण यांतली तीन-चार एकदम आली, काही आठवडे टिकली, आणि ‘हा आपला पूर्वीचा मुलगा नव्हे’ असे आईला वाटू लागले, तर तिचे म्हणणे खरे धरावे. उपचाराविना जितका काळ जातो, तितके बरे होणे कठीण होते. औषधाबरोबर घराचीही साथ लागते. गोवा, सातारा आणि तमिळनाडू येथे 282 रुग्णांचा एक अभ्यास झाला, 2014 मध्ये तो प्रसिद्ध झाला. गावातल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन दिलेल्या आधाराने, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला, थोडा का होईना अधिक फरक पडतो असे त्यात दिसले. सीनाची दमछाक पाहताना हे मला अनेकदा आठवते. तिच्या दाराशी असे कोणी आले असते तर!

तो मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला आहे. गोळ्या नियमाने घेतो, नातलगाच्या दुकानात हिशेब लिहितो. अक्षर पुन्हा मोठे झाले आहे. ती वही मात्र अजून माझ्याकडेच आहे. एकदा परत देऊ केली, तर तो म्हणाला, “नाका सर, तुमचे कडेन आसूं.” ‘सुंदर’ हा शेरा मी खोडलेला नाही. खोडायला धजलो नाही, असे म्हणणे बरोबर.

मध्यंतरी शाळेत पालकसभेला मी ‘देवराई’चा काही भाग दाखवला. आधी सांगून टाकले, झाडांकडे नंतर पाहा, शेषच्या मानेकडे आणि बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहा. बरेचसे पालक मधूनच उठून गेले. बस चुकते म्हणून काही, कंटाळून काही. सगळे पांगल्यावर शेवटच्या रांगेतली एक बाई थांबली. पदराचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “सर, म्हजो व्हडलो रातचो न्हिदना. एकलोच हांसता. कितले दीस रावपाचें?”

मी तिला चिखलीच्या इस्पितळाचे आणि बांबोळीचे नाव लिहून दिले, खाली 14416 हा सरकारचा मोफत दूरध्वनी. थांबू नका, एवढेच म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीच्या बसमध्ये तिच्या शेजारी, खिडकीकडे तोंड करून बसलेला तो मुलगा मला दिसला.