वैरण आणणारी बाई नेमकी कुठल्या रकान्यात?

स्त्रियांच्या रोजगाराबद्दल बोलताना हल्ली एक आकडा हमखास पुढे येतो. २०१७-१८ मध्ये पंधरा वर्षं आणि त्यावरच्या स्त्रियांपैकी २३.३ टक्के श्रमशक्तीत होत्या, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के. ग्रामीण भागात तर २४.६ वरून थेट ४७.६. सहा वर्षांत एवढी उडी! स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्येही तो आता पाठ करायचा आकडा झालाय.

आकडा खोटा नाही, हे आधीच सांगते. तो पीएलएफएसमधून, म्हणजे सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणातून येतो. २०२४ पर्यंत दरवर्षी लाखभर कुटुंबांत जाऊन प्रगणक चार लाखांहून जास्त माणसांची माहिती भरत. माझ्या पीएचडीचा बराचसा भाग याच माहितीवर उभा आहे, त्यामुळे या सर्वेक्षणाबद्दल मला आदरच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. हा आकडा ऐकून आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं (डबा घेऊन कामावर निघालेली, महिन्याला पगार मोजून घेणारी बाई), ते या आकड्यात फारसं नाहीच.

आता जरा आकड्याच्या पोटात शिरू. सर्वेक्षणात प्रत्येक माणसाला एक कोड मिळतो. ११ म्हणजे स्वतःचा धंदा किंवा शेती चालवणारा. २१ म्हणजे घरच्या धंद्यात, शेतीत बिनपगारी मदत करणारा. ३१ पगारी, ५१ रोजंदारीवरचा मजूर. ८१ म्हणजे काम नाही, पण शोधतोय किंवा मिळालं तर करायला तयार आहे. ९१ विद्यार्थी. ९२ म्हणजे फक्त घरकाम. आणि ९३ म्हणजे घरकाम, शिवाय घरासाठी सरपण, भाजीपाला, जनावरांचा चारा गोळा करणं, शिवणटिपण वगैरे. ११ पासून ८१ पर्यंतचे सगळे श्रमशक्तीत, ९१ पासून पुढचे बाहेर.

आता एका बाईचा दिवस घ्या. सकाळी बांधावरचं गवत कापून आणते, गोठा झाडते, शेण काढते, धार काढते. मग स्वयंपाक, पाणी, मुलं. ही बाई २१ की ९३? चारा गोळा करणं तर ९३ च्या व्याख्येतच लिहिलंय. पण म्हैस हा घरचा दुधाचा धंदा मानला, तर त्याच चाऱ्याचा भारा धंद्यातली मदत होतो आणि बाई २१ मध्ये जाते. म्हैस तीच, विळा तोच, भाराही तोच. एका कोडात ती देशाच्या श्रमशक्तीत, दुसऱ्यात 'काम न करणारी'.

नियमपुस्तिकेतली रेघ तर आणखी मजेशीर आहे. घरी खायला ज्वारी पिकवली, तर ते काम धरलं जातं. तीच ज्वारी घरासाठी निवडली, दळली, भाकरी थापली, तर ते काम नाही. घरच्यापुरतं दूध देणारी म्हैस पाळणं हे काम, त्या दुधाचं घरापुरतं ताक घुसळणं हे नाही. अशी रेघ कुठेतरी ओढावीच लागते, हे मान्य. पण ती बाईच्या दिवसाच्या मधोमध जाते, पुरुषाच्या दिवसाला सहसा शिवतही नाही. म्हणूनच पुरुषांचा दर या सहा वर्षांत ७५.८ वरून ७८.८ एवढाच हलला.

त्यात आणखी दोन गोष्टी मिसळा. एक म्हणजे कालावधी. ४१.७ हा आकडा वर्षभराच्या मुख्य आणि दुय्यम कामावरून काढलाय. वर्षातला बहुतेक काळ घरकामात गेलेला असला, तरी तीसेक दिवस दुय्यम काम केलेलं असेल तर ती बाई मोजली जाते. दुसरी गोष्ट, उत्तर देतं कोण? प्रत्येकाला स्वतंत्र गाठणं शक्य नसतं, म्हणून घरातल्या माहीतगार व्यक्तीचं उत्तरही चालतं. आता 'तुमची सून काय करते?' याला आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे: 'काही नाही, घरीच असते.' प्रगणकाने पुढे विचारलं, 'जनावरांचं कोण बघतं?' तर उत्तर बदलतं, आणि कोडही. आयुष्यात काहीही न बदलता आकडा बदलू शकतो, तो असा.

मग वाढ नेमकी कुठे झाली? मी एक साधा गुणाकार केला: स्त्रियांचा काम करण्याचा दर गुणिले त्यांच्या कामाच्या प्रकारांची टक्केवारी. दोन्ही प्रसिद्ध अहवालातच आहेत, त्यामुळे तुम्हीही करून बघू शकता. २०१७-१८ मध्ये दर शंभर स्त्रियांपैकी अंदाजे २२ काम करत होत्या, २०२३-२४ मध्ये ४०. म्हणजे अठरा वाढल्या. त्यातल्या पगारी किती? पाचेक होत्या, सहाच्या थोड्या वर गेल्या. रोजंदारीवरच्या सहाच्या पावणेसात झाल्या. बिनपगारी मदतनीस सातवरून पंधरावर. स्वतःचा धंदा करणाऱ्या साडेचारवरून बारावर. थोडक्यात, अठरातल्या पंधरा-सोळा जणी 'स्वयंरोजगार' नावाच्या एकाच मोठ्या पेटीत आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांच्या हातात पैसाच येत नाही.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. स्वतःचा धंदा करणाऱ्याही जवळपास तेवढ्याच वाढल्यात. बचत गटातून कर्ज काढून शेळ्या घेणं, पिठाची गिरणी, शिवणयंत्र, हे सगळं खरं आहे. त्यामुळे 'सगळी वाढ फसवी' म्हणणारेही घाईच करतात. पण नवरा शहरात मजुरीला गेला आणि बाई एकटीने शेत बघू लागली, तरी तीही २१ वरून ११ वर जाऊ शकते. ती बढती आहे की नाइलाज, हे कोड सांगत नाही.

'मग मदतनीस बायकांना मोजूच नये का?' असं कुणी विचारेल. अजिबात नाही! त्यांचं काम दिसावं म्हणून स्त्रीवादी अर्थतज्ज्ञांनी किती वर्षं भांडण केलंय. त्यातूनच वेळेच्या वापराचं सर्वेक्षण उभं राहिलं. २०२४ च्या त्या सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात, पुरुष ८८. हा फरक माहीत होणं मोलाचं आहे. पण मोजण्याचा हेतू 'बघा, ही किती राबते आणि तिला काही मिळत नाही' हा होता. आता तीच मोजणी 'बघा, हिला रोजगार मिळाला' असं सांगायला वापरली जाते. दाखवायचं होतं फुकट राबणं, दाखवली जातेय प्रगती.

आणि याचे परिणाम कागदावर थांबत नाहीत. मदतनीस ही व्याख्येनेच 'काम असलेली' असते, म्हणून ती बेरोजगार कधीच ठरत नाही. स्त्रियांचा बेरोजगारी दर याच काळात ५.६ वरून ३.२ वर आला. जिच्या घरी म्हैस आहे तिला 'तुला दुसरं काम हवंय का?' हे विचारायची गरजच पडत नाही. मग गावाजवळ पगारी काम का नाही, पाळणाघर का नाही, सकाळची एसटी वेळेवर का नाही, हे प्रश्नही मागे पडतात. काम तर आहेच ना तिला!

उपाय फार अवघड नाहीत. २०१३ मध्येच कामगार संख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेलं काम आणि घरच्या वापरापुरतं उत्पादन यांत फरक करायचं ठरवलंय. आपल्याकडे निदान 'हे दूध डेअरीला घालता की घरीच लागतं?' एवढा एक प्रश्न नीट विचारून त्याचं उत्तर वेगळं छापता येईल. २१ कोडच्या बायकांचा आकडा तक्त्यात पुरून न ठेवता पत्रकाच्या पहिल्या पानावर देता येईल. २०२५ पासून पीएलएफएसचे आकडे दर महिन्याला येऊ लागलेत, त्यामुळे ही सवय आत्ताच लागली तर बरं.

तोवर तुमच्या-माझ्यासारख्या वाचकाने एक करावं. स्त्रियांचा सहभाग वाढल्याची बातमी दिसली, की शेजारी दोन आकडे मागावेत: यातल्या पगारी किती आणि बिनपगारी किती? दोन्ही अहवालात असतात. बातमीत नसतील, तर त्या बातमीतून त्या बायकांबद्दल आपल्याला अजून फारसं काही कळलेलं नाही, असं खुशाल समजावं.