प्रकल्पवहीचे शेवटचे पान

‘संदर्भ : पाठ्यपुस्तक, इंटरनेट, शिक्षकांचे मार्गदर्शन.’ विज्ञान प्रदर्शनातील किती प्रकल्पवह्या या एका ओळीवर संपतात! परीक्षकही सहसा तेथपर्यंत पोचत नाहीत. या पानावर टीका करायची ती एवढ्यासाठी, की वहीतील चूक पुष्कळदा तेथेच सापडली असती.

सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुका घ्या. हा पर्जन्यछायेतला मुलूख. पण महाराष्ट्रात दुसरे, जास्त प्रसिद्ध खंडाळा आहे, पुणे जिल्ह्यात बोरघाटाच्या माथ्यावर. तेथे पाऊस कोसळतो. ‘खंडाळ्याचे पर्जन्यमान’ शोधणाऱ्या मुलाच्या हाती घाटमाथ्याचे आकडे लागले, तर पाणी अडवण्याचा त्याचा सगळा हिशेब वाहून जाईल. आकड्याबरोबर नोंदणी केंद्र, जिल्हा, वर्ष आणि आकडे देणारी संस्था लिहिली असेल, तर वाचणारा ही गफलत चटकन दाखवील. नुसत्या ‘इंटरनेट’वरून तो काय दाखवणार?

‘सातारा गॅझेटिअर’ एवढेच लिहिणेही तसलेच. एक १८८५ चे, मुंबई इलाख्याच्या मालिकेतले. दुसरे १९६३ चे, महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरचे. पिकांची माहिती यांपैकी कोठून घेतली, हे कळल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

याच तालुक्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. तेथील शाळांमधून त्यांच्यावर हमखास लिहिले जाते आणि खाली ‘काव्यफुले, १८५४’ असा भारदस्त संदर्भ येतो. १८५४ ची प्रत मुलांनी पाहिलेली नसते. त्यांच्यापुढे असते ते डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली काढलेले समग्र वाङ्मय. मग तेच लिहावे, पृष्ठ क्रमांकासह. सावित्रीबाईंचे नायगावहून लिहिलेले १८६८ चे पत्रही त्यातच आहे. तेथे पत्राची तारीख आणि पुस्तकाचे वर्ष, दोन्ही हवीत. न पाहिलेल्या पुस्तकाचे नाव देणे म्हणजे न केलेल्या प्रयोगाचे निरीक्षण लिहिणे.

जुन्या पुस्तकांवर पुष्कळदा शक असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे आपण शिकवतो. पण जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. महिना ठाऊक नसेल तर शके १८१३ साठी १८९१-९२ असेच लिहावे. एकच साल ठोकून देण्यात अचूकपणा नाही.

स्वल्पविराम कोठे आणि पूर्णविराम कोठे, यावर मात्र गुण कापणारे मार्गदर्शक पाहिले की हसू येते. आडनाव आधी, मग नाव, ग्रंथ, प्रकाशक, स्थळ, वर्ष, पृष्ठ. एक पद्धत धरली आणि शेवटपर्यंत पाळली की झाले. इंग्रजी पुस्तकांची यादी वेगळी करावी, म्हणजे अकारविल्हे लावताना तारांबळ होत नाही.

मराठीत याचा नमुना हवा असेल तर शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ ग्रंथालयातून मागवून पाहावी. पहिल्या भागात १८०० ते १९३७ ची, तर १९६१ साली निघालेल्या दुसऱ्या भागात १९३८ ते १९५० ची पुस्तके विषयवार लावली आहेत. विज्ञानाची पाने उघडून नववीच्या वर्गापुढे ठेवा. एकेका ओळीत दात्यांनी किती गोष्टी नोंदवल्या आहेत, ते मुलांनाच मोजू द्या.